भाऊसाहेबांची पहिली हरकत

चांगदेव रणपिसे यांच्या हातून आजवर एकही पुस्तक नापास झालं नव्हतं. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत ज्याने म्हणून वहीभर काही लिहिलं आणि हौसेने छापून घेतलं, तो प्रस्तावनेसाठी त्यांच्या दारात आला, आणि आला तो हसत परत गेला. बत्तीस वर्षं ग्रामसेवकी केलेला माणूस. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी लोकांच्या तोंडी 'भाऊसाहेब' हेच नाव. या बत्तीस वर्षांत त्यांनी शेकडो ग्रामसभांची इतिवृत्तं लिहिली. सभेत खुर्च्या उडोत की चपला, इतिवृत्ताच्या तळाशी वाक्य एकच: 'ठराव सर्वानुमते मंजूर.' पुढे तीच लेखणी साहित्याकडे वळली. पुस्तक आलं, चाळलं, मंजूर. वाचनीय, मननीय, संग्राह्य. बाभळीला आलेलं फूलही फूलच की, असं त्यांचं मत होतं, आणि बाभळीला तर ते फारच आवडे.

या सुखाच्या संसारात बिबा घातला तो पोटच्या पोरीने.

दीक्षा दौंडच्या एका कॉलेजात मराठी शिकवत असे. शनिवारी न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीने शिरूरला घरी यायची, सोमवारी पहाटे परत जायची. एका रविवारी तिने वडिलांच्या अकरा प्रस्तावना फरशीवर ओळीने मांडल्या. उन्हात पापड घालावेत तशा.

"पप्पा, हे बघा. 'लेखकाने वाचकाच्या अंतःकरणालाच हात घातला आहे.' हे कशाबद्दल?"

"कवितासंग्रह होता. करड्याच्या मास्तरांचा."

"बरं. आणि हे? 'लेखकाने वाचकाच्या अंतःकरणालाच हात घातला आहे.'"

चांगदेवांनी चष्मा काढून पुसला. "ते... 'डाळिंबावरील तेल्या रोग : कारणे व उपाय'."

आतून पार्वतीबाईंना ठसका लागला. त्या चांगदेवांच्या बायको. ठसका लागायला त्या काही खात नव्हत्या.

"मी वर्गात घसा फोडून सांगते," दीक्षा म्हणाली, "पुस्तकाला प्रश्न विचारा. कोण बोलतंय ते बघा. कोणाला बोलू दिलेलं नाही ते बघा. आणि माझ्याच घरात पुस्तकं बिनविरोध निवडून येतात!"

'बिनविरोध' हा शब्द भाऊसाहेबांच्या वर्मी बसला. माणसाला आळशी म्हणा, विसरभोळा म्हणा, तो सोसतो. पण ज्याने आयुष्यभर निवडणुकांची कामं केली त्याला बिनविरोध म्हणणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. ते उठून उभे राहिले. पायजम्याची नाडी लोंबत होती, पण आवाज घटनेच्या प्रास्ताविकेचा लागला.

"यापुढं येणारं पहिलं पुस्तक मी चिकित्सक दृष्टीनं वाचीन. मग ते कुणाचंही असो. शब्द दिला."

आणि फोन वाजला.

फोन वडगाव रासाईहून पोपटराव आबांचा होता. आबा म्हणजे भीमेकाठचा चाळीस एकर ऊस, गावच्या सोसायटीवर पंचवीस वर्षांची पकड आणि एका शिक्षण संस्थेचं अध्यक्षपद. एवढं असून त्यांना काहीतरी उणं वाटत होतं, म्हणून त्यांनी कादंबरी लिहिली होती. 'काळ्या रानाचा धनी'. पानं एकशे सत्तर. प्रकाशन मार्चात, आणि पुस्तकावर भाष्य करायला भाऊसाहेबच हवेत.

"मंजूर," भाऊसाहेब सवयीने म्हणाले.

फोन ठेवून वळतात तो दीक्षाचा चेहरा उतरलेला. आबांची शिक्षण संस्था म्हणजे तिचंच कॉलेज. ती तिथं तासिका तत्त्वावर होती. तासिका तत्त्व म्हणजे दर जूनला नव्याने जन्म घ्यायचा, आणि जन्माच्या दाखल्यावर अध्यक्षांची सही लागते.

"पप्पा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "हे एवढं सोडा. याच्या पुढचं धरा."

"म्हणजे चिकित्सा माणूस बघून करायची?"

प्रस्तावना गोळा करून तिने कपाटात ठेवल्या. चांगदेवांना क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं.

*

कामाला हात घालण्यापूर्वी शासन निर्णय वाचायचा, ही त्यांची रीत. चिकित्सक वाचनाचाही कुठंतरी नियम असणारच. म्हणून ते गावातल्या ग्रंथालयात गेले. तिथल्या ग्रंथपाल सायली मॅडम मोबाइलवरून मान वर करून म्हणाल्या, "समीक्षेचं पुस्तक? परीक्षा आहे का कसली?"

"नाही. वाचायचंय."

काही दुखत नसताना दवाखान्यात आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. समीक्षेचं कपाट होतं. पण ते मोडक्या कॅरम बोर्डाच्या आणि तीन नेत्यांच्या तसबिरींच्या मागे होतं, आणि किल्ली कार्यवाहांकडे होती. कार्यवाह भांडगावला सासुरवाडीला गेले होते. शिवाय ते कपाट गेल्या अकरा वर्षांत कुणी उघडायला सांगितलं नसल्याने आता अर्ज लागणार होता. अर्ज म्हटल्यावर भाऊसाहेबांची कळी खुलली. त्यांनी तिथल्या तिथे सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. 'कारण' या रकान्यात लिहिलं: 'पोपटराव आबा यांच्या कादंबरीतील दोष शोधणेकामी.'

"दोष लिहू नका हो," सायली मॅडम म्हणाल्या. "चौकशी लागल्यासारखं वाटतं. 'वाचनाची आवड' लिहा."

"जे आहे ते लिहायचं," भाऊसाहेब ताठ मानेने म्हणाले. चिकित्सक दृष्टी यायला सुरुवात झाली होती.

तिसऱ्या खेपेला कपाट उघडलं. समीक्षेचा एक जाडजूड ग्रंथ हाती आला, आणि त्याचं पहिलं पान उलटताच दुसऱ्या बाजूचा पंखा दिसला. वाळवीने तो ग्रंथ आरपार वाचला होता. त्या ग्रंथालयात एखादं पुस्तक मुळापासून शेवटापर्यंत नेणारी ती एकटीच निघाली. मागे उरली होती संदर्भसूची आणि लेखकाचा परिचय.

पण अर्ज मात्र शाबूत राहिला. तो मंजुरीसाठी भांडगावला गेला, कार्यवाहांनी वाचला, त्यांच्या सासऱ्यांनी वाचला, भांडगावच्या हॉटेलात वाचला गेला आणि संध्याकाळच्या दुधाच्या गाडीबरोबर वडगाव रासाईला पोचला. बातमी आणि दूध, दोन्ही नासायच्या आत पोचवावी लागतात.

*

ग्रंथ नसला तरी रीत आपली आपल्यालाच काढता येते. भाऊसाहेबांनी कोरं रजिस्टर घेतलं आणि रकाने आखले: अनुक्रमांक, पान, हरकत, शेरा. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या हरकती मागवल्या आणि फाइलला लावल्या होत्या. आता प्रथमच स्वतः घ्यायच्या होत्या. आबांनी धाडलेली कादंबरी आणि लाल पेन घेऊन ते ओट्यावर बसले. शेजारी पार्वतीबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या.

"मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या. "हात रिकामं न्हाईत, पर कान रिकामं हायती."

पार्वतीबाई चौथी शिकलेल्या. पण विहारातल्या कार्यक्रमात त्या उभ्या राहिल्या की गाणं आपणहून चालत यायचं. आईच्या जात्याखालून पीठ आणि ओवी दोन्ही एकदम सांडायची, त्यातली ओवी यांच्या पदरात राहिली होती.

पहिले तीन दिवस हरकतींचा पाऊस पडला. पान नऊ: नायिका भीमेवर पाण्याला जाते आणि घोडनदीवरून परत येते. अंतर पंधरा-वीस किलोमीटर, हंडा भरलेला. पान अठ्ठावीस: ऊस श्रावणात तुटतो. पान त्रेपन्न: नायक रणधीरराव नुसत्या हाताने बिबट्या मारतो. वनखात्याला कळवल्याचा उल्लेख नाही. भाऊसाहेबांना भलतीच मजा येऊ लागली. एवढी वर्षं आपण फुकट मान डोलावली, असं वाटू लागलं. ते जेवताना भाजीला शेरा मारू लागले. पार्वतीबाईंनी एकदाच ताट मागे ओढलं, तेव्हा तो शेरा मागे घेण्यात आला.

चौथ्या दिवशी ते एकशेबाराव्या पानावर आले. भीमेला पूर येतो. रणधीररावांचा लाडका बैल ढवळ्या गाळात रुततो. 'तेवढ्यात ओढ्यापलीकडचा तो इमानी गडी धावत आला. त्याने धन्याला हात जोडले आणि पुरात उडी घेतली. ढवळ्या काठाला लागला. त्या इमानी गड्याने मात्र कायमचे डोळे मिटले. रणधीररावांनी ढवळ्याच्या गळ्याला मिठी मारली.'

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "भाषा बघ कशी आहे. काय प्रसंग रंगवलाय! इथं हरकत नाही."

पार्वतीबाईंचे हात थांबले होते.

"कोण मेलं म्हनलात?"

"तो गडी."

"नाव काय त्याचं?"

भाऊसाहेबांनी मागची पानं चाळली. पान एक्केचाळीसवर तो गडी हात जोडून उभा होता. सदुसष्टवर वैरण टाकून हात जोडून उभा होता. नाव कुठंच नव्हतं. बैलाचं नाव ढवळ्या, कुत्र्याचं मोत्या. ट्रॅक्टरलासुद्धा नाव होतं, लक्ष्मी. ओढ्यापलीकडं कुठली वस्ती असते हे भीमेकाठच्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. चांगदेवांचा जन्म तिथलाच. तीन वेळा ते त्या माणसाजवळून गेले होते, आणि तीन वेळा पुढच्या पानावर निघून गेले होते.

"माझ्या माहेरी, इनामगावला," पार्वतीबाई शेंग फोडत म्हणाल्या, "सायबांनी जमीन खनून तीन हजार वर्साची मानसं काढली. त्यांची बी नावं कुनाला ठाव न्हाईत. पर इचारलं तरी, कोन व्हते, काय खात व्हते, कुठं निजत व्हते. ह्यो तर आत्ताचा हाय. ह्याला कुनी इचारंना." आणि मग, कुणाला ऐकवायचं नाही अशा आवाजात, शेंगांच्या तालावर:

बैलाला हाय नाव, गाईला बी हाय नाव
राखणाऱ्या गड्याला, पुसंना बाई गाव

भाऊसाहेबांनी पेन पुन्हा उचललं. मग रजिस्टरात लिहिलं: 'पान ४१, ६७, ११२. हरकत: माणसाचे नाव नाही.' शेऱ्याचा रकाना कोरा राहिला.

*

एव्हाना अर्जाची बातमी पिकली होती. शेजारचे संपतराव, रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर, सल्ला घेऊन आले. "भाऊसाहेब, आमच्यात क्वालिटी चेकिंगचा एक रूल असतो. साहेबाच्या मशीनवर डिफेक्ट सापडला तर मशीन नाही बदलायचं, चेकिंगवाला बदलतात. तुम्ही असं करा, फवारणीसारखं करा. एक टोपण दोष, पंधरा लिटर कौतुक."

त्यांच्यामागून आल्या भामाबाई. थेट वडगाव रासाईहून, नातीच्या स्कुटीवर. कादंबरीतली विहीर त्यांच्या बांधावरची होती, आणि आबांनी ती रणधीररावाच्या रानात दाखवली होती. "पुस्तकात गेली म्हंजी उद्या सातबाऱ्यात जाईल. माझी हरकत लिवून घ्या, आन् पोच द्या." भाऊसाहेबांनी समजावलं की ही कादंबरी आहे. "तेच म्हनते मी," भामाबाई म्हणाल्या, "त्यो आधी असंच गोड बोलतो."

मग वडगावचाच मल्हारी आला. कादंबरीतला मिशीवाला खलनायक आपणच, याची त्याला खात्री होती. त्याचीही हरकत होती: खलनायक पान नव्वदला मरतो, ते फार लवकर आहे. "निदान शेवटपत्तुर तरी ठेवायचा की, भाऊसाहेब. पोरं काय म्हनतील?"

आठवड्यात रजिस्टरात सत्तावीस हरकती झाल्या. त्यांतल्या एकवीस ज्यांच्या, त्यांनी कादंबरी उघडलीही नव्हती. मराठी साहित्याचा पहिलाच असा जाहीर विचार त्या ओट्यावर झाला असेल, आणि त्याला चहा चाळीस कप लागला.

सत्ताविसाव्या हरकतीनंतर इंद्रजीत आला. आबांचा पुतण्या, संस्थेचा सचिव. काम असलं की इंद्रजीत लांबूनच 'जय भीम' घाली, नसलं की नुसतंच 'काय भाऊसाहेब'. आज त्याने फाटकाबाहेरूनच, कॉलनी ऐकेल असा, जय भीम घातला. भाऊसाहेबांना धडकी भरली.

"आबा खूश आहेत," तो पेढ्यांचा पुडा ठेवत म्हणाला. "म्हणले, भाऊसाहेब एवढा अभ्यास करतायत. दीक्षा मॅडमचंही फार कौतुक आहे आपल्याकडं. जूनच्या ऑर्डरी काढायच्यात. यंदा अर्ज लई आलेत हो. पण आपलं घरचंच आहे." मग रजिस्टराकडे बघून हसला. "हे काय, लाल पेनानं? डोळ्याला त्रास होतो. निळं वापरा."

तो गेला. पेढ्यांचा पुडा तसाच पडून राहिला, त्याला मुंग्या लागल्या. मुंग्यांनी मात्र कसलाही विचार केला नाही.

त्या शनिवारी दीक्षा आली तेव्हा वडील लाल पेनाने काढलेले दोष निळ्या पेनाने गुण करत बसले होते. 'बिबट्या मारला' पुढे लिहिलं होतं: 'शौर्य.' 'श्रावणात ऊसतोड' पुढे: 'कल्पकता.' एकशेबाराव्या पानापुढे काय लिहावं हे मात्र त्यांना सुचत नव्हतं. तिने रजिस्टर वाचलं, तिथंच थांबली.

"हे तुम्हांला दिसलं?"

"तुझ्या आईला दिसलं," ते म्हणाले. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "दीक्षा, मी ते सोडतो. तुझी ऑर्डर..."

ती दाराच्या चौकटीला टेकली. "कार्यक्रमाला खुर्च्या भरायला माझाच वर्ग नेणारेत," ती म्हणाली. "कॉलेजच्या बसनं. चाळीस पोरं. त्यांना मी वर्षभर एकच विचारायला शिकवलंय, कोणाला बोलू दिलेलं नाही. पप्पा, ती पोरं पहिल्या तीन रांगांत बसणारेत."

निळं पेन भाऊसाहेबांनी टोपण लावून ठेवून दिलं.

*

प्रकाशन चौफुल्याजवळच्या मंगल कार्यालयात झालं. व्यासपीठामागे आदल्या दिवशीच्या लग्नाची 'शुभविवाह' ही थर्माकोलची अक्षरं तशीच होती, त्यावर फ्लेक्स बांधलेला, आणि वाऱ्याने फ्लेक्स हलला की 'काळ्या रानाचा धनी'च्या डोक्यावर 'शुभ' दिसायचं. शाली झाल्या, नारळ झाले. पहिल्या वक्त्याने 'हा कवितासंग्रह' अप्रतिम असल्याचं सांगितलं. दुसऱ्याने मुखपृष्ठ वाखाणलं आणि आतही असंच असणार याची ग्वाही दिली. तिसऱ्याने सांगितलं की पुस्तक अजून हाती पडलेलं नाही, पण आबांचा ऊस बघितला आहे.

मग भाऊसाहेब उठले. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि पहिल्यांदा सुचलं तेच म्हणाले: "विषय क्रमांक एक."

लोक सावरून बसले. ही भाषा सगळ्यांच्या ओळखीची होती. हंडेवाली भीमेवरून घोडनदीला गेली तेव्हा बायका खुदकन हसल्या. बिबट्याची वनखात्याला वर्दी नाही म्हटल्यावर शिट्टी वाजली. विहिरीच्या विषयाला मागून भामाबाईंनी 'पोच द्या' अशी आरोळी ठोकली. आबा हसत होते, पण कादंबरीच्या मुखपृष्ठावर हसावं तसे, नुसते चिकटवल्यासारखे.

"शेवटचा विषय," भाऊसाहेब म्हणाले, आणि आवाज आपोआप खाली आला. "पान एक्केचाळीस, सदुसष्ट, एकशे बारा. या कादंबरीत बैलाला नाव आहे, कुत्र्याला आहे, ट्रॅक्टरला आहे. बैलासाठी जो माणूस मरतो त्याला नाव नाही. मी स्वतः तीन वेळा वाचलं, आणि माझ्या ध्यानात आलं नाही. ही हरकत लेखकावर आहे आणि माझ्यावर पण आहे. मला फक्त एवढंच विचारायचंय, आबा. त्याचं नाव काय होतं?"

पहिल्या तीन रांगा पुढे वाकल्या होत्या. आबांनी तोंड उघडलं, मिटलं. सूत्रसंचालकाने माइक ओढून घेतला आणि घाईने म्हणाला, "टाळ्या झाल्या पाहिजेत! आणि जेवण तयार आहे."

टाळ्या झाल्या. कशासाठी ते कुणालाच कळलं नाही. पहिल्या तीन रांगांना कळलं असावं.

*

पुढचे आठ दिवस फाटक वाजलं नाही. चहा चार कपांवर आला. प्रस्तावना मागायला कुणी फिरकेना. ज्या दारात लेखकांच्या चपला मावत नसत, तिथे आता एकटं मांजर ओट्यावर येऊन बसे, आणि तेही लिहीत नसल्यामुळे.

नवव्या दिवशी पोपटराव आबा स्वतः आले. गाडी लांब लावून, एकटेच. काखेत कादंबरीची प्रत. बसले, पाणी प्यायले.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "दोन वर्सं लिवलं. पहाटं चारला उठून. मोटर चालू करायला उठायचो, तसं हे बी. सगळी म्हनली, आबा, झकास. बायकू सोळाव्या पानावर हाय, गेल्या दिवाळीपसनं. इंद्रजीतनं उघडलं न्हाई. एकशे बारा पानापत्तुर चालत आलं ते तुम्ही एकलं." त्यांनी डोळ्यांवरून पंचा फिरवला. "शिव्या दिल्यात, पर वाचून दिल्यात."

बत्तीस वर्षांत भाऊसाहेबांच्या कुठल्याच टिपणीसाठी कुणी एवढ्या लांब आलं नव्हतं.

"समद्या हरकती मंजूर," आबा म्हणाले. "बाई भीमेवरनंच परत येईल. बिबट्याला पळवून लावतो. विहीर भामाबाईला देऊन टाकतो, पुस्तकातली. आन् त्या गड्याला नाव देतो. शबुद. पहिली आवृत्ती लग्नसराईत आहेर म्हणून वाटून संपतीच हाय. दुसरीला प्रस्तावना तुमचीच."

त्या संध्याकाळी भाऊसाहेब कॉलनीतून दोन चकरा मारून आले. संपतरावांना म्हणाले, "मशीनच बदललं!" संपतराव म्हणाले, "ट्रायल घ्या आधी."

मे महिन्याच्या अखेरीस इंद्रजीत दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं घेऊन आला. जय भीम फाटकाबाहेरूनच. "आबांनी तुमचा फार मान ठेवलाय, भाऊसाहेब. बघाच. आणि दीक्षा मॅडमची ऑर्डर टाइप होऊन तयार आहे, फक्त सही राहिलीय. आबा म्हणले, एका हातानं प्रस्तावना घ्या, दुसऱ्या हातानं ऑर्डर द्या. शुभस्य शीघ्रम्."

तो गेल्यावर सुट्टीला आलेली दीक्षा आणि पार्वतीबाई, दोघी ओट्यावर आल्या. भाऊसाहेबांनी चष्मा लावला आणि एकशेबारावं पान काढलं. मोठ्याने वाचू लागले.

"'तेवढ्यात ओढ्यापलीकडचा इमानी गडी चांगदेव धावत आला. त्याने धन्याला हात जोडले आणि पुरात उडी घेतली. ढवळ्या काठाला लागला. धनी, ढवळ्या वाचला ना? एवढे बोलून चांगदेवाने आपले इमानी डोळे कायमचे...'"

पुढचा शब्द त्यांनी वाचला नाही.

दीक्षा फस्सकन हसली. हसता हसता तिने तोंडावर हात धरला, आणि मग तो हात तिथून काढलाच नाही.

"बैल वाचला न्हवं?" पार्वतीबाई म्हणाल्या. "मग झालं तर."

भाऊसाहेब चाळत राहिले. एक्केचाळीसवर चांगदेव हात जोडून उभा होता. सदुसष्टवर चांगदेव वैरण टाकून हात जोडून उभा होता. हरकत शब्दशः मंजूर झाली होती. नाव नाही म्हटलं, नाव दिलं. बाकी सगळं जागच्या जागी होतं. आबांनी हे प्रेमाने केलं होतं, यात शंकाच नव्हती. तीच तर पंचाईत होती. कपटाला माणूस उत्तर देतो, मानाला काय देणार?

"लिहून टाका पप्पा," दीक्षा खाली बघत म्हणाली. "वाचनीय, मननीय. मी काही म्हणणार नाही. खरंच."

ते शब्द बोटांच्या टोकाशी येऊन उभेच होते, बत्तीस वर्षांच्या सवयीने, हात जोडून.

"बिनविरोध?" चांगदेवांनी विचारलं.

ओट्याखालच्या मोगऱ्याला पाणी घालायचं राहिलं होतं, दीक्षाने उगाच तिकडे बघितलं.

त्यांनी कोरा कागद घेतला, लाल पेन घेतलं. इतिवृत्ताच्या सुवाच्य अक्षरात, समास सोडून, सावकाश लिहिलं:

'प्रस्तुत कादंबरीत मी एकशेबाराव्या पानावर मरतो. बैल वाचतो. सदर मृत्यूस माझी हरकत आहे. हरकतीची कारणे पुढीलप्रमाणे.'

कारणं पाच पानं झाली. लिहिताना ते एकदाही थांबले नाहीत. दीक्षाने पानं एकेक करून वाचली, नीट जुळवली आणि आपल्या पर्सची चेन उघडली.

"इंद्रजीत सरांना देऊ नका," ती म्हणाली. "मी वडगावला जाऊन आबांच्याच हातात देते. सही ज्या हातानं करायची तो हात मला बघायचाय."

"थांब," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांनी शेवटचं पान तिच्या हातातून घेतलं, नवऱ्यापुढे धरलं आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हितं सही करा. आन् निस्तं चांगदेव न्हाई. बापाच्या नावासकट, पुरं लिव्हा."